जागतिक व्यापार संघटनेची तंटानिवारण सेवा: ऑस्ट्रेलिया-चीन वादातून दिसलेले गुणदोष

हे परीक्षण ज्या सेवेचे आहे ती कोणत्याही व्यक्तीला, शेतकऱ्याला किंवा कंपनीला थेट घेता येत नाही. जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेची तंटानिवारण व्यवस्था फक्त सदस्यांच्या सरकारांना खुली आहे. संघटनेचे १६६ सदस्य हेच तिचे ग्राहक आणि तेच तिचे मालक. तरीही तिच्यातल्या उणिवांची झळ शेवटी पोहोचते ती बार्ली पिकवणाऱ्या, द्राक्षबागा राखणाऱ्या आणि समुद्रातून शेवंडे काढणाऱ्या माणसांना, आणि म्हणून ती पारखून पाहणे हे केवळ मुत्सद्द्यांचे काम राहू नये असे मला वाटते. २०२० ते २०२४ या काळात ऑस्ट्रेलियाने चीनविरुद्ध ही सेवा दोनदा वापरली. खनिजे आणि शेतमाल विकून जगणारा एक मध्यम आकाराचा देश आणि त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असलेली महासत्ता, यांच्यातले भांडण या सेवेच्या परीक्षेसाठी अगदी योग्य आहे. माझे मत आधीच मांडतो: न्यायनिवाडा करणारी सेवा म्हणून ती संथ आणि अपुरी ठरली, परंतु बलाढ्य पक्षाला मान न गमावता मागे सरकण्यासाठी दार उघडून देणारी सेवा म्हणून तिला आज दुसरा पर्याय नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन, आणि त्यातला अर्धा गुण कोठे गेला व एक पूर्ण गुण कोठे गेला हे पुढे सविस्तर सांगणार आहे.

भांडणाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. दोन्ही देशांमधला मुक्त व्यापार करार २० डिसेंबर २०१५ पासून लागू होता आणि ऑस्ट्रेलियाच्या मालाच्या निर्यातीचा एकतृतीयांशाहून मोठा वाटा चीनकडे जात होता. ऑगस्ट २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने हुवावे आणि झेडटीई या चिनी दूरसंचार कंपन्यांना आपल्या फाइव्ह-जी जाळ्यातून वगळले, त्याच वर्षी परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदे केले, आणि संबंध आंबू लागले. एप्रिल २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री मरीस पेन यांनी कोरोना साथीच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी अशी मागणी केली. त्यानंतर काही दिवसांतच चीनचे राजदूत चेंग जिंगये यांनी एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत, ऑस्ट्रेलियाची वाइन का प्यावी आणि गोमांस का खावे असा प्रश्न चिनी ग्राहकांना पडू शकतो, असे सुचवले. पुढच्याच महिन्यात चार मोठ्या कत्तलखान्यांच्या मांसाची आयात थांबली आणि १९ मे २०२० पासून बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क बसले. वर्षअखेरीपर्यंत कोळसा, कापूस, लाकूड, शेवंड, तांब्याचे खनिज आणि वाइन या सगळ्यांना कोणत्या ना कोणत्या प्रकारे अडवले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी दूतावासाने चौदा तक्रारींची एक यादी ऑस्ट्रेलियन पत्रकारांच्या हाती ठेवली. तीत हुवावेवरील बंदीपासून शिनजियांग आणि हाँगकाँगविषयीच्या वक्तव्यांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियन प्रसारमाध्यमांच्या सुरापर्यंत सर्व काही होते.

बार्लीच्या शुल्काची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण सेवेपुढे कोणता प्रश्न गेला आणि कोणता गेला नाही हे त्यातूनच कळते. ८०.५ टक्क्यांपैकी ७३.६ टक्के अँटी-डंपिंग शुल्क होते, म्हणजे ऑस्ट्रेलिया वाजवीपेक्षा कमी भावाने माल ओततो असा आरोप, उरलेले ६.९ टक्के अनुदानविरोधी शुल्क होते, म्हणजे सरकारी मदतीमुळे हा माल स्वस्त पडतो असा आरोप. अनुदानाच्या आरोपात मरे-डार्लिंग खोऱ्यातील पाणीयोजनांवरील सरकारी खर्च गणला गेला होता. चीनला जाणाऱ्या बार्लीचा मोठा भाग मात्र पश्चिम ऑस्ट्रेलियात, त्या खोऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर, पावसाच्या पाण्यावर पिकतो. आकडेमोड इतकी तकलादू असूनही ती कागदावर होती, अधिकृत अधिसूचनेत होती आणि म्हणून तिला आव्हान देता येत होते. चीनच्या बाजूने हेही नोंदवायला हवे की बार्लीची चौकशी नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या वादाच्या दीड वर्ष आधी सुरू झाली होती, आणि चिनी पोलाद व ॲल्युमिनियमवर ऑस्ट्रेलिया स्वतः वर्षानुवर्षे अशीच शुल्के लावत आला होता. भांडण राजकीय होते याबद्दल मला शंका नाही, तथापि तंटा मंडळापुढे हेतूचा न्याय होत नाही. तिथे तपासले जाते ते एवढेच: तुलनेसाठी घेतलेला भाव योग्य होता का, देशी उद्योगाचे नुकसान खरोखर झाले का, आणि ते याच आयातीमुळे झाले का. चौदा तक्रारींची यादी त्या दालनात शिरू शकत नाही. काहींना ही सेवेची मोठी त्रुटी वाटते. मला मात्र तिची ताकद यातच दिसते, कारण भांडणाचा एक छोटासा, मोजता येणारा तुकडा बाजूला काढून त्यावर बोलणी करता येतात आणि यादीतल्या चौदा गोष्टींवर कोणालाही शरण जावे लागत नाही.

आता सेवेच्या आश्वासनांकडे वळू. नियमांनुसार तक्रारदार देशाने आधी सल्लामसलतीची विनंती करायची असते. साठ दिवसांत तोडगा निघाला नाही तर सामान्यतः तीन सदस्यांचे तंटा मंडळ मागता येते. मंडळाने सहा महिन्यांत अहवाल द्यावा आणि कोणत्याही परिस्थितीत त्याच्या स्थापनेपासून नऊ महिन्यांहून अधिक काळ लावू नये, अशी अपेक्षा लिहून ठेवली आहे. बार्लीच्या प्रकरणात, ज्याचा अधिकृत क्रमांक डीएस ५९८ आहे, ऑस्ट्रेलियाने १६ डिसेंबर २०२० रोजी सल्लामसलतीची विनंती केली, मे २०२१ मध्ये मंडळ स्थापन झाले, त्याचे सदस्य सप्टेंबर २०२१ मध्ये नेमले गेले, आणि एप्रिल २०२३ उजाडला तरी जाहीर अहवाल हाती नव्हता. वाइनचे प्रकरण, डीएस ६०२, जून २०२१ मध्ये दाखल झाले, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचे मंडळ स्थापन झाले, आणि तेही दोन वर्षे चालले. नऊ महिन्यांची मुदत ही आता केवळ कागदावरची शोभा उरली आहे. साथीचा काळ, प्रवासबंदी, हजारो पानांचे पुरावे ही कारणे खरी आहेत. पण साथीच्या आधीही मुदती सर्रास ओलांडल्या जात होत्या. जो शेतकरी दरवर्षी पेरणीपूर्वी कोणते पीक घ्यावे हे ठरवतो, त्याच्या दृष्टीने अडीच वर्षे म्हणजे तीन हंगामांचे निर्णय अंधारात घेणे होय. माझा पूर्ण एक गुण इथेच कापला गेला.

आणि तरीही या सेवेची खरी किंमत याच टप्प्यावर कळली. मे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात सत्ताबदल होऊन अँथनी अल्बानीझ पंतप्रधान झाले, नोव्हेंबरात बाली येथे त्यांची शी जिनपिंग यांच्याशी भेट झाली, डिसेंबरात परराष्ट्रमंत्री पेनी वाँग बीजिंगला जाऊन आल्या. सूर निवळला होता, पण शुल्क जागच्या जागी होते. चीनने ते आपणहून उठवले असते तर मुळात ते चुकीचे होते असे मान्य केल्यासारखे झाले असते. ऑस्ट्रेलियाने काही राजकीय देणे देऊन ते उठवून घेतले असते तर पुढच्या वेळी दबावाची किंमत ठरून गेली असती. तेव्हा कामी आले ते प्रलंबित प्रकरण. नियमांत अशी सोय आहे की तक्रारदाराच्या विनंतीवरून मंडळ आपले काम बारा महिन्यांपर्यंत थांबवू शकते. ११ एप्रिल २०२३ रोजी वाँग यांनी जाहीर केले की चीन बार्लीच्या शुल्काचा तीन महिन्यांत, फार तर चार महिन्यांत, पुनर्विचार करील आणि तोवर ऑस्ट्रेलिया आपले प्रकरण स्थगित ठेवील; शुल्क हटले नाही तर मात्र ते पुन्हा सुरू होईल. ऑगस्टच्या सुरुवातीस चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने घोषणा केली की देशातील बार्लीच्या बाजारपेठेतील बदल लक्षात घेता हे शुल्क चालू ठेवण्याची आवश्यकता राहिलेली नाही, आणि ५ ऑगस्टपासून ते रद्द झाले. त्या निवेदनात चूक झाल्याची कबुली नव्हती, ऑस्ट्रेलियाच्या निवेदनात जल्लोष नव्हता. ऑगस्टअखेरीस मंडळाने जो अहवाल प्रसिद्ध केला तो अवघ्या काही पानांचा होता, कारण तडजोड झाली की अहवालात प्रकरणाचे थोडके वर्णन आणि तोडगा निघाल्याची नोंद एवढेच यावे असा नियम आहे.

ही व्यवस्था किती विचारपूर्वक घडवली आहे हे तेव्हा लक्षात येते. तंटानिवारणाच्या करारातच लिहिले आहे की दोन्ही पक्षांना मान्य होणारा तोडगा हाच अधिक इष्ट. निकालाची तारीख जवळ येत राहणे हा दबाव, आणि निकाल बाहेर येण्याआधी थांबता येणे ही सवलत. या दोन गोष्टी एकत्र असल्याशिवाय महासत्ता हलत नाही. वाइनच्या बाबतीत हाच कित्ता गिरवला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये, अल्बानीझ यांच्या चीन दौऱ्याच्या तोंडावर, पाच महिन्यांच्या पुनर्विचाराची बोली ठरली आणि २९ मार्च २०२४ पासून वाइनवरील शुल्क संपले. २०१६ नंतर ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी चीनला दिलेली ती पहिली भेट होती. दौरा, हस्तांदोलने आणि छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्यामागे जिनिव्हात थांबवून ठेवलेले प्रकरण उभे होते ते फार थोड्यांच्या ध्यानात आले.

ही सेवा न घेतल्यास काय होते, याचे उत्तर नॉर्वेच्या अनुभवात मिळते. २०१० मध्ये तुरुंगात असलेले चिनी लोकशाहीवादी लेखक लिऊ शिआओबो यांना नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाल्यानंतर चीनने नॉर्वेशी राजकीय संबंध गोठवले आणि नॉर्वेच्या सॅल्मन माशांच्या वाटेत नाना तपासण्या आल्या. नॉर्वेने त्यावर तंटा मंडळ मागितले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये संबंध पूर्ववत झाले ते एका संयुक्त निवेदनानंतर, ज्यात चीनच्या मूलभूत हितसंबंधांना आपण मोठे महत्त्व देतो आणि त्यांना बाधा येईल अशा कृतीला पाठिंबा देणार नाही, असे नॉर्वेला लिहून द्यावे लागले. सहा वर्षे गेली ती गेलीच, वर परराष्ट्र धोरणाच्या स्वातंत्र्यावर सावली पडली. ऑस्ट्रेलियाने हुवावेवरील बंदी मागे घेतली नाही, परकीय हस्तक्षेपाचे कायदे बदलले नाहीत, अमेरिका व ब्रिटनबरोबरचा पाणबुड्यांचा करारही सोडला नाही. कॅनडाचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे: डिसेंबर २०१८ मध्ये हुवावेच्या वित्तप्रमुख मेंग वानझो यांना व्हँकुव्हरमध्ये अटक झाल्यावर मार्च २०१९ पासून दोन मोठ्या कॅनेडियन निर्यातदारांचे कॅनोला बियाणे अडवले गेले, कॅनडाने सप्टेंबर २०१९ मध्ये तक्रार नोंदवली, आणि २०२२ मध्ये चीनने ती बंदी उठवल्यावर प्रकरण थंडावले. या तिन्हींची तुलना करता, सेवा लवकर आणि ठामपणे वापरणाऱ्याला कमी झुकावे लागले असे माझे प्रामाणिक मत बनले आहे.

सेवेची सर्वांत कठोर मर्यादा वाइनच्या धंद्यात दिसली. नोव्हेंबर २०२० मध्ये तात्पुरते शुल्क बसले, मार्च २०२१ मध्ये ते कायम होऊन कंपनीनुसार ११६.२ ते २१८.४ टक्क्यांपर्यंत गेले, आणि वर्षाला एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून मोठी असलेली बाजारपेठ जवळजवळ शून्यावर आली. बार्लीला सौदी अरेबियासारखे दुसरे गिऱ्हाईक मिळाले, मेक्सिकोच्या बिअर उत्पादकांपर्यंतही जहाज गेले. जनावरांना घालता येणारे धान्य कुठेतरी खपतेच. चिनी चवीसाठी आणि चिनी भेटवस्तूंच्या बाजारासाठी घडवलेली महागडी रेड वाइन मात्र तशी दुसरीकडे वळत नाही. टाक्यांमध्ये वाइन साचली, लाल द्राक्षांचे भाव कोसळले, दक्षिण ऑस्ट्रेलियातील रिव्हरलँड आणि न्यू साउथ वेल्समधील रिव्हरिना भागातल्या बागायतदारांना तोडणीचा खर्चही निघेनासा झाला. मोठ्या कंपन्यांनी इतर देशांतल्या द्राक्षांपासून आपल्याच नावाची वाइन बनवून चीनला पाठवण्याचा मार्ग शोधला. लहान बागायतदाराला असा मार्ग कोठून असणार? शुल्क उठल्यावर पहिल्याच वर्षात चीनकडील वाइनची निर्यात पुन्हा सुमारे एक अब्ज डॉलरवर गेली, पण तिच्यात महागड्या बाटल्यांचा वाटा मोठा होता आणि स्वस्त द्राक्षांचा ढीग तसाच राहिला.

या नुकसानीची एक पैही परत मिळत नाही. सेवेचे उपाय भविष्यलक्षी आहेत: दोषी ठरलेल्या देशाने आपला नियम सुधारावा, त्यासाठी वाजवी मुदत घ्यावी, आणि सुधारलाच नाही तर तक्रारदाराने तेवढ्याच किमतीची प्रतिकारवाई करावी. मागील वर्षांची भरपाई या चौकटीत बसत नाही. परिणामी शुल्क बेकायदा आहे हे ठाऊक असूनही ते तीन वर्षे लावून ठेवणे बड्या देशाला परवडते. हिशेब करून पाहावा: बार्लीचे शुल्क पाच वर्षांसाठी होते आणि मे २०२५ मध्ये त्याची मुदत तशीही भरली असती, सेवेमुळे ते सुमारे एकवीस महिने आधी गेले. वाइनच्या बाबतीत दोन वर्षे वाचली. २०१८-१९ साली चीनला गेलेल्या बार्लीची किंमत सुमारे ९१ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती, त्यामुळे एकवीस महिने ही काही लहान बचत नव्हे. मात्र जे आधीचे एकोणचाळीस महिने गेले त्यांचा धनी कोणीच नाही.

दुसरी मर्यादा याहूनही गंभीर आहे, कारण ती दबाव आणणाऱ्याला पळवाट दाखवते. बार्ली आणि वाइनवरील शुल्क लेखी होते. कोळशावरची बंदी कधीच लेखी नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये चिनी वीजकेंद्रांना आणि पोलाद कारखान्यांना ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊ नये असे तोंडी सांगितले गेल्याच्या बातम्या आल्या, आणि बंदरांबाहेर जहाजे तिष्ठत राहिली. त्यांत ‘जग आनंद’ हे भारतीय मालकीचे जहाज होते. तेवीस भारतीय खलाशांसह ते जून २०२० पासून जिंगतांग बंदराबाहेर नांगरून होते आणि जानेवारी २०२१ मध्ये, माल न उतरवताच, खलाशी बदलण्यासाठी जपानकडे निघाले. काओफेदियानजवळ अडकलेल्या ‘अनास्तासिया’वरही भारतीय खलाशी होते. चिनी अधिकाऱ्यांनी विलगीकरणाच्या नियमांकडे बोट दाखवले. अशा वेळी तक्रार नेमकी कशाविरुद्ध करायची? आदेश नाही, क्रमांक नाही, सही नाही. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. शेवंडांचेही तसेच झाले. ऑस्ट्रेलियातून जिवंत निर्यात होणाऱ्या शेवंडांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चीनला जात. नोव्हेंबर २०२० मध्ये विमानतळावरच्या तपासण्या अचानक लांबल्या, आणि जो माल तासांच्या हिशेबाने जगतो त्याला तपासणीचा उशीर हीच बंदी ठरली. तो व्यापार सुरू व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला, म्हणजे लेखी शुल्के उठल्यानंतरही आणखी नऊ महिने गेले.

अलिखित उपायांनाही सैद्धांतिकदृष्ट्या आव्हान देता येते, परंतु ते अस्तित्वात आहेत हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. लिथुआनियात उघडलेल्या प्रतिनिधी कार्यालयाच्या नावात ‘तैवानी’ हा शब्द आल्यावरून त्या देशाच्या मालाची चीनमध्ये कोंडी झाली तेव्हा युरोपीय संघाने जानेवारी २०२२ मध्ये तक्रार दाखल केली, पुढे पुराव्यांच्या तयारीचे कारण देऊन जानेवारी २०२४ मध्ये ती स्थगित केली आणि बारा महिने उलटल्यावर मंडळाचा अधिकारच संपला. युरोपीय संघासारख्या धनाढ्य ग्राहकाची ही गत, तर तांबे किंवा कोबाल्ट विकणाऱ्या लहान देशाने काय करावे? माझा राहिलेला अर्धा गुण इथे गेला. आयात अडवली गेल्यास ठरावीक मुदतीत लेखी कारण देण्याची सक्ती, आणि ते न दिल्यास पुराव्याचा भार उलटवणारी तरतूद, एवढी सुधारणा झाली तरी ही सेवा कितीतरी उपयुक्त होईल.

सेवेच्या यशाचे सगळे श्रेय तिलाच देणे मात्र योग्य ठरणार नाही. या संपूर्ण वादात चीनने एका वस्तूला हात लावला नाही, ती म्हणजे लोहखनिज. मुख्यतः पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशातून, पोर्ट हेडलंडसारख्या बंदरांमार्गे जाणारे हे खनिज चीनच्या एकूण लोहखनिज आयातीच्या सुमारे साठ टक्के होते. ब्राझीलकडे तेवढी जागा भरून काढण्याची क्षमता नव्हती आणि गिनीतील सिमांडूच्या खाणी अजून सुरू व्हायच्या होत्या. २०२१ मध्ये लोहखनिजाचा भाव टनाला दोनशे अमेरिकन डॉलरच्या वर गेला, त्यामुळे इतर माल अडूनही ऑस्ट्रेलियाची चीनकडील एकूण निर्यात ढासळली नाही. कोळशाच्या बाबतीतही जपान, दक्षिण कोरिया आणि भारत ही गिऱ्हाइके होतीच. प्रकरण तीन वर्षे लढवत बसण्याचा धीर ज्या तिजोरीतून आला ती लोहखनिजाने भरली होती. ज्या देशाकडे असे एखादे अनिवार्य खनिज नाही, त्याने ऑस्ट्रेलियाचा अनुभव जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असे समजू नये.

अपिलाची सोय हा सेवेचा मोडलेला भाग सर्वज्ञात आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळ ठप्प आहे. हरलेला पक्ष निष्क्रिय मंडळाकडे अपील करतो आणि निकाल तिथेच लटकतो. इथे ऑस्ट्रेलियाचे सुदैव असे की चीन आणि ऑस्ट्रेलिया हे दोघेही एप्रिल २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या पर्यायी अपील व्यवस्थेचे सदस्य आहेत, त्यामुळे निकाल लटकवण्याची वाट चीनला मोकळी नव्हती. ही बाब बातम्यांत क्वचितच आली, पण तडजोडीच्या मेजावर तिचे वजन निश्चित असणार. समोरचा देश त्या व्यवस्थेत नसेल तर हीच सेवा पुष्कळ कमी किमतीची ठरते, आणि तक्रार दाखल करण्याआधी सर्वप्रथम हेच तपासावे.

खर्चाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दाखल करण्याची फी नाही, मंडळाचा खर्च संघटना उचलते, वकील व अर्थतज्ज्ञ यांचा खर्च आपला आपण करायचा. विकसनशील देशांना जिनिव्हातच २००१ पासून काम करणाऱ्या कायदा सल्लागार केंद्राकडून सवलतीत मदत मिळते, आणि ती मदत दर्जेदार मानली जाते. पारदर्शकता मध्यम आहे: सुनावण्या सामान्यतः बंद दाराआड होतात, परंतु ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र व व्यापार खात्याने आपली लेखी निवेदने प्रसिद्ध केली, त्यामुळे युक्तिवाद वाचता येतात.

निःपक्षपातीपणाबद्दल मात्र मी पूर्ण गुण देतो, आणि त्याला आधार आहे तो तिसऱ्या प्रकरणाचा. ऑस्ट्रेलियाने वाइनची तक्रार केल्यानंतर दोनच दिवसांनी, २४ जून २०२१ रोजी, चीननेही रेल्वेची चाके, पवनचक्क्यांचे मनोरे आणि स्टेनलेस स्टीलची सिंक यांवरील ऑस्ट्रेलियन शुल्कांविरुद्ध तक्रार दाखल केली. मार्च २०२४ मध्ये मंडळाचा अहवाल आला आणि त्यात ऑस्ट्रेलियाच्या आकडेमोडीत अनेक ठिकाणी दोष दाखवले गेले. तीन प्रकरणांपैकी पूर्ण निकाल लिहिला गेला तो या एकाच प्रकरणात, आणि तो तक्रारदार चीनच्या बाजूने झुकलेला होता. ऑस्ट्रेलियाने तो स्वीकारला. ज्या संस्थेकडून आपल्याला न्याय हवा आहे तिचा प्रतिकूल निकालही मानावा लागतो, आणि ऑस्ट्रेलियाने तो मानला म्हणूनच त्याच्या पहिल्या दोन तक्रारींना नैतिक वजन राहिले असे मला वाटते.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्या देशाचा माल लेखी शुल्काने किंवा लेखी नियमाने अडवला गेला आहे, ज्याच्याकडे तीन हंगाम तग धरण्याइतके दुसरे उत्पन्न किंवा दुसरे गिऱ्हाईक आहे, आणि ज्याला आपले परराष्ट्र धोरण गहाण न टाकता मार्ग काढायचा आहे, त्याने ती विनासंकोच घ्यावी. घेताना उशीर करू नये: बार्लीवर मे २०२० मध्ये शुल्क बसले आणि ऑस्ट्रेलियाने तक्रार केली ती डिसेंबरात, ते सात महिने नंतर कोणालाही भरून काढता आले नाहीत. मंत्रिस्तरावर बोलणी सुरू झाली म्हणून प्रकरण मागे घेऊ नये, फक्त स्थगित करावे, आणि तेही समोरच्याकडून तारखेसह आश्वासन मिळाल्यावरच. स्थगितीला बारा महिन्यांची मर्यादा आहे हे लक्षात ठेवून पुनर्विचाराची मुदत तिच्या बरीच आत ठरवावी. बार्लीसाठी ती तीन अधिक एक महिना होती, वाइनसाठी पाच. आणि ज्या निर्यातदारांचा माल बंदरात अडतो त्यांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक नकाराची तारीख, वेळ, अधिकाऱ्याचे पद आणि दिलेले कारण लिहून सरकारकडे पाठवत राहावे, कारण जिनिव्हात पुढे कधी जायची वेळ आली तर तोंडी बंदीविरुद्ध तेवढाच पुरावा हाती असतो.